वाडा विकला गेला, भाडेकरूनं काय करायचं? सांगलीकरांसाठी

आमचा वाडा विकला गेल्याचं मालकांनी सांगितलंच नाही. एका सकाळी दोन पोरं टेप घेऊन अंगणात आली, तुळशीपासून रस्त्यापर्यंत माप घेतलं आणि जाताना म्हणाली, "काकू, ड्रेनेज कुठनं जातंय तेवढं दाखवा." तेव्हा आम्हाला कळलं.

मी सांगलीच्या गावभागातली. सासरे मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. १९८१ साली त्यांनी वाड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी तिथंच बसून ब्लाउज शिवायचे. मी वकील नाही, पण गेली तीन वर्षं कचेऱ्यांचे जिने चढून जे कळलं ते क्रमानं लिहिते, म्हणजे तुमच्या चपला कमी झिजतील.

हे प्रकार आता वाढणार. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्यांच्याकडं पैसा होता ते विश्रामबागेकडं, मिरज रस्त्याकडं उंचावर सरकले. तिथले भाव आभाळाला टेकले, तशी बिल्डरांची नजर परत पेठांवर आली. इथं प्लॉट मोठे आहेत, मालकांची पोरं पुण्या-मुंबईला आहेत आणि भाडं जुनं, चहापाण्याएवढं. पेठेतला टू बीएचके हातोहात जाईल. फक्त त्या जागेवर आज कुणीतरी राहतंय, एवढीच बिल्डरची अडचण. बुलडोझर फार शेवटी येतो. त्याच्या आधी माणूस बाहेर पडतो तो बहुतेक वेळा स्वतःच्याच सहीनं.

लागणारे कागद

- भाड्याच्या पावत्या, जितक्या जुन्या तितक्या चांगल्या
- वीजबिल, शक्यतो तुमच्या नावाचं
- महापालिकेचा असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टीच्या रजिस्टरची नक्कल. त्यात भोगवटादाराचं नाव असतं
- रेशन कार्ड, मतदार यादीतलं जुनं पान, गॅसचं पुस्तक
- पोरांचे शाळेचे दाखले, पत्ता असलेले
- मूळ भाडेकरू वारला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला
- पुराचा पंचनामा आणि मदत जमा झालेलं पासबुक
- वाड्याचं प्रॉपर्टी कार्ड

१. आपण कोण, ते आधी ठरवा

सगळी मदत आणि सगळी फसवणूक यावर अवलंबून आहे.

पावती घेऊन वर्षानुवर्षं राहत असाल तर तुम्ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खालचे भाडेकरू. कलम १५ म्हणतं की भाडं आणि कायद्यानं मान्य वाढ तुम्ही देताय, देण्याची तयारी आहे आणि बाकीच्या अटी पाळताय, तोवर नुसतं 'जागा हवी' म्हणून तुम्हाला काढता येत नाही. वाढही वर्षाला चार टक्के. 'बाजारभावानं द्या नाहीतर निघा' याला कायद्यात जागा नाही. मूळ भाडेकरू वारला तरी त्याच्याजवळ राहणाऱ्या घरच्या माणसाकडं हक्क येतो, म्हणून "पावती तुमच्या सासऱ्यांच्या नावची आहे, तुमचा काय संबंध?" या प्रश्नाला घाबरायचं नाही.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर गोष्ट वेगळी. मुदत संपली की कलम २४ खाली मालक जागा परत मागू शकतो आणि पुढं राहिलात तर दुप्पट रक्कम मागू शकतो. तुमच्यासाठी पुढचे बरेच टप्पे लागू नाहीत. थेट दहाव्यावर जा.

झोपडपट्टीत असाल तर कायदा १९७१ चा. तिथं १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या तारखांना महत्त्व आहे, आणि फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, म्हणजे जीव. तो विषय मोठा आहे, इथं मावणार नाही.

२. कागद वाळवा, लावा, लपवा

वाळवा हे गंमतीनं लिहिलेलं नाही. २०१९ ला आमच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत होत्या आणि पेटी पाण्यात. पाणी उतरल्यावर नणंदेच्या गच्चीवर चादर अंथरून एकेक पावती सुटी केली. शाई धुऊन गेलेली, आकडे गेलेले. काही पावत्यांवर मालकांच्या रबरी शिक्क्याचा जांभळा गोल तेवढा राहिला. सासूबाई म्हणाल्या, टाकून दे. नाही टाकल्या. आज त्या वकीलबाईंच्या फायलीत प्लास्टिकमध्ये आहेत आणि शिक्का वाचता येतो.

पण खरा आधार निघाला तो पुराचाच. तलाठ्यांनी पंचनाम्यात आमचं नाव लिहून पुढं 'भाडेकरू' असं नोंदवलं होतं. मदतीची रक्कम त्याच पत्त्यावरच्या खात्यात जमा झाली. सरकारी माणसानं, सरकारी कागदावर, कुठलंही भांडण सुरू होण्याआधी लिहिलेला पुरावा तो. २००५, २०१९, २०२१, यांपैकी कुठल्याही पुराचा पंचनामा तुमच्या नावचा असेल तर तहसील कचेरीतून नक्कल काढा.

सगळं स्कॅन करून पोराच्या ईमेलवर टाका. मूळ प्रती जूनच्या आत उंचावरच्या पाहुण्यांकडं ठेवा. आणि मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. मी दिली होती. बिल्डरचा माणूस म्हणाला, "वहिनी, झेरॉक्स काढून संध्याकाळी आणून देतो." संध्याकाळी आणूनही दिल्या, पण चौदा नेलेल्या आणि अकरा परत आल्या. कुठल्या तीन गेल्या हेही मला सांगता येईना, कारण मी यादीच केली नव्हती.

३. भाडं एक महिनाही थांबवू नका

ही सगळ्यांत जुनी खेळी. मालक भाडं घ्यायचं बंद करतो. "राहू दे हो, नंतर बघू." आपल्याला बरं वाटतं. वर्षभरानं नोटीस येते, थकबाकीदार म्हणून.

मालक घेत नसेल तर दर महिन्याला मनीऑर्डर करा. 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली तर तो कागद सोन्यासारखा जपा. खातं माहीत असेल तर ऑनलाइन पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. रोख दिलंत तर पावती मागा, पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

वाडा विकला गेला असं नुसतं ऐकलं म्हणून नव्या माणसाला भाडं देऊ नका. विक्रीचं लेखी कळवलं जाईपर्यंत जुन्या मालकाला दिलेलं भाडं धरलं जातं. कळवल्यावर मात्र नव्यालाच.

थकलंच असेल तरी सगळं संपलं असं नाही. लेखी मागणीच्या नोटिशीनंतर ९० दिवस गेल्याशिवाय थकबाकीचा दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी बाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरून जागा वाचवता येते. तारीख मोजायला मात्र चुकू नका.

४. सही करू नका

आता मुख्य गोष्ट.

बिल्डरचा तो माणूस आमच्याकडं पहिल्यांदा आला तेव्हा पेढे घेऊन आला. वाड्यातल्या पाचही बिऱ्हाडांना एकेक बॉक्स. दुसऱ्या खेपेला स्टॅम्प पेपर घेऊन. "वहिनी, तुमच्याकडं लेखी काहीच नाहीये. उद्या कुणी काढलं तर? हा रीतसर करार करून ठेवू. अकरा महिन्यांचा आहे, दरवर्षी वाढवून देऊ. नुसती फॉर्मॅलिटी."

ऐकायला किती काळजीचं वाटतं! पण त्या एका सहीनं चाळीस वर्षांचा भाडेकरू अकरा महिन्यांचा परवानाधारक होतो. वर आपण सांगितलेलं कलम १५ उडालं, कलम २४ लागू.

खालच्या पडवीतल्या इस्त्रीवाल्या काकांनी सही केली. त्यांचं म्हणणं, एवढा शिकलेला माणूस घरी येऊन सांगतोय. बारावा महिना लागला तेव्हा त्यांना जावं लागलं. आता कुपवाडला राहतात. इस्त्रीची गिऱ्हाइकं मात्र सगळी हरभट रोडच्या आसपासची, म्हणून सकाळी एक फेरी कपडे न्यायला, संध्याकाळी एक द्यायला. कोळशापेक्षा जास्त पैसा रिक्षात जातो. मध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "पेढा गोड होता बघ."

लेखी नाही म्हणून घाबरण्याचं कारणच नव्हतं. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

आणखी कुठल्या कागदांवर सही मागतात, ते सांगते. कुलमुखत्यारपत्र. कोरा स्टॅम्प. 'संमतीपत्र' ज्यात जागेचं माप नाही. 'जागा राहण्यास अयोग्य असल्याने स्वेच्छेने सोडत आहे' असा अर्ज. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आपण कामावर असताना दुपारी म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेतात.

५. आपणहून हक्क घालवू नका

सहीशिवायही जागा जाते. कलम १६ मध्ये मालकाला जागा मागण्याची जी कारणं दिलीत, त्यातली तीन आपल्याच हातात आहेत.

सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने कुलूप लावू नका. पुरानंतर माहेरी, पाहुण्यांकडं जातो आणि राहतो, तिथं हे अंगलट येतं. कुणाला पोटभाड्यानं ठेवू नका. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करू नका. स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी खिडकी हे कायद्यानं पक्कं बांधकाम धरत नाहीत. म्हणजे "ओटा बांधलाय, आता निघा" असं कुणी म्हणालं तर हसून दार लावा.

६. पलीकडच्याचे कागद बघा

प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हे नंबरावरून निघतं, ऑनलाइनही मिळतं. नवा मालक कोण, वाटणीचा वाद आहे का, बँकेचा बोजा आहे का, सगळं त्यावर दिसतं.

मग माहिती अधिकारात महापालिकेच्या नगररचना विभागाकडं अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, त्यामुळं कैफियत लिहू नका. मी असं लिहिलं होतं: 'सि. स. नं. अमुक येथील बांधकाम परवानगीचा अर्ज, नकाशा, त्यासोबत जोडलेली भाडेकरूंची यादी व संमतीपत्रे यांच्या प्रती द्याव्यात.' तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर वीस रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील.

एवढा खटाटोप कशासाठी? २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत भाडेकरू असलेली जुनी इमारत पाडून बांधताना भाडेकरूंना सामावून घेण्याच्या बदल्यात जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळतं. म्हणजे तुम्ही नुसती अडचण नाही, तुमच्यामुळं बिल्डरला वरचे फ्लॅट मिळतात. ही गोष्ट तो पेढ्यांबरोबर सांगत नाही. आमच्या वाड्याच्या यादीत पाचाऐवजी तीनच बिऱ्हाडं दाखवली होती. ते कळल्या दिवशी आम्ही पाचही घरांनी मिळून हरकत दिली आणि आवक शिक्क्याची पोच घेतली.

७. 'धोकादायक' नोटीस आली तर

पावसाळ्याआधी महापालिका जुन्या इमारतींना महानगरपालिका कायद्याच्या कलम २६४ खाली नोटिसा देते. काही खऱ्या असतात, काही मागवलेल्या. भिंत खरंच फुगली असेल, माळवद गळून तुळई कुजली असेल तर पोराबाळांना घेऊन आधी बाहेर पडा. हक्कासाठी जीव घालवू नका.

पण नोटीस नीट वाचा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे आत राहूनच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. तोंडी सगळ्यालाच 'पाडायचंय' म्हणतात. स्ट्रक्चरल ऑडिट कुणी केलं, त्याची प्रत मागा. पटत नसेल तर सगळ्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून दुसऱ्या अभियंत्याकडून करून घ्या.

रिकामी करायचीच असेल तर आधी लेखी मागणी करा: भाडेकरूंची नावं आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोजून नोंद व्हावी. खोल्यांचा व्हिडिओ काढा, दारावरच्या नंबरापासून मोरीपर्यंत. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. "वाडाच नाही, मग भाडेकरू कसले?" म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

८. पाणी, वीज तोडली तर

परत भाडे नियंत्रण कायदा, कलम २९. अत्यावश्यक सोय मालकाला विनाकारण तोडता येत नाही, कोर्ट ती परत चालू करायला लावू शकतं. मीटर तुमच्या नावावर असेल तर आधी महावितरणकडं लेखी तक्रार करा. फोटो काढा. नळाला कुलूप घालणाऱ्याशी हातघाईवर येऊ नका, नाहीतर गुन्हा आपल्यावरच दाखल होतो.

९. वकील, आणि मग बोलणी

विजयनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, कारखान्यातले कामगार, पूरग्रस्त यांनाही. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१००. मी नवऱ्याच्या नावानं अर्ज करायला निघाले होते, तिथल्या ताईंनीच सांगितलं, "तुमच्या नावानं करा, दाखल्याची भानगडच नको." फुकटचा वकील काय लढणार, असं वाटत असेल तर माझा अनुभव तसा नाही. उशीर होतो, तो सगळीकडंच होतो.

बोलणी एकट्यानं करू नका. पाच घरं एकत्र बसली की बिल्डर वेळेवर येतो.

आधी स्वतः टेप लावा. आमची एक खोली ११ बाय १४, दुसरी ८ बाय १०, म्हणजे २३४ चौरस फूट. बिल्डरच्या कागदावर १६५. विचारलं तर म्हणाला, "आतली खोली नंतर काढलेली दिसतेय." सासऱ्यांच्या १९८१ च्या पावतीवर 'दोन खोल्या' असं लिहिलेलं होतं. शिक्का राहिलेल्या पावत्यांपैकीच ती एक.

करारात हे असल्याशिवाय जागा सोडायची नाही: नव्या घराचं कार्पेट क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, चौरस फुटात, मजला आणि फ्लॅट नंबर, नकाशावर रंगवलेला. ताब्याची तारीख. तोवरचं दुसरीकडचं भाडं, आणि उशीर झाला तर ते चालूच राहील असं वाक्य. जाण्या-येण्याचा खर्च. देखभाल खर्च कोण देणार, हे तर नक्की लिहून घ्या, कारण नव्या इमारतीत लिफ्ट येते, वॉचमन येतो आणि महिन्याचा मेंटेनन्स आपल्या जुन्या भाड्याच्या कित्येक पट होतो. घर मिळूनही दोन वर्षांत विकून गेलेली माणसं मी बघितलीत, ती याच कारणानं. करार दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला हवा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

महारेरावर, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर, प्रकल्प शोधा. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर तिथं नोंदणीची सक्ती नाही, आणि पेठेतले बरेच वाडे नेमके त्यात बसतात. तेव्हा तुमची सगळी भिस्त त्या नोंदवलेल्या करारावरच.

मालक कोर्टात गेला की 'पाडून नवं बांधायचंय' हे कारण नुसतं म्हणून चालत नाही. नकाशे मंजूर आहेत आणि पैसा आहे, हे त्याला कोर्टाला दाखवावं लागतं.

१०. जायचंच ठरलं तर कुठं जाताय ते बघा

रोख रक्कम घेऊन निघणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण ती रक्कम कुठं जिरते ते बघितलंय.

पहिली गोष्ट पाणी. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इथं पाणी सगळ्यांच्या आधी शिरतं. शामरावनगरात तर नदी लांब असूनही पावसाचं पाणी साचून राहतं. खोली स्वस्त का आहे, हे घरमालकाला नाही, शेजारणीला विचारा. तिला विचारायचं, "२०१९ ला तुमच्या भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं?" ती हातानं दाखवते. जागा विकत घेत असाल तर निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभागाच्या नकाशावर तपासा.

दुसरी गोष्ट गुंठेवारी. शंभराच्या स्टॅम्पवर एक गुंठा, वर नोटरी, असे कागद सांगलीत घरोघरी सापडतील. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या जागा नियमित करून घेता येतात. पण विकणाऱ्यानं ते प्रमाणपत्र काढलंय का? 'फाइल आत आहे' हे उत्तर धरायचं नाही. प्रमाणपत्र हातात नसेल तर उद्या कर्जही नाही आणि विकताना भावही नाही.

पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचा अर्जही करून ठेवा. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेले दुर्बल घटकात बसतात. देशात कुठंही नावावर पक्कं घर नको, ही अट. गावाकडं भावकीच्या घरात नाव लागलेलं असेल तर आधीच विचारून घ्या.

गाडा, टपरी, इस्त्रीचं टेबल रस्त्यावर असेल तर त्याचा कायदा वेगळा, २०१४ चा पथविक्रेत्यांचा. तीस दिवसांची नोटीस दिल्याशिवाय हलवता येत नाही. सर्वेक्षणात नाव घाला, विक्री प्रमाणपत्र घ्या. आमच्या काकांचं टेबल वाड्याच्या आत होतं, त्यामुळं त्यांना यातलं काहीच मिळालं नाही.

११. निघण्याच्या आठवड्यात

मीटरच्या रीडिंगचा फोटो, शेवटच्या बिलाची पावती. किल्ली देताना लेखी पोच, त्यावर 'करारातील हक्क राखून' हे शब्द. रेशन कार्डाचा पत्ता बदलायला पुरवठा विभाग, मतदानासाठी फॉर्म ८. शाळा मध्येच बदलू नका, वार्षिक परीक्षा होऊ द्या.

आणि गिऱ्हाइकांना नवा पत्ता सांगा. मी वाड्याच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, ते पहिल्या पावसात गेलं. आता समोरच्या किराणावाल्याकडं माझ्या नंबराच्या चिठ्ठ्या ठेवल्यात, तो साखरेच्या पुडीबरोबर एकेक देतो.